चिमट्याचा जुळा

१

"पान चौदा कुठाय?" मी विचारलं.

दप्तरी खाली बघत म्हणाला, "होतं, बाई."

"होतं म्हणजे? पाहुणा होता का, चहा पिऊन निघून गेला?"

पान तेरा होतं, पान पंधरा होतं. मधलं पान शिवणीलगत पट्टी धरून कापलेलं. काम इतकं सुबक की कापणाऱ्याच्या हाताचं आधी कौतुक करावं आणि मग तोच हात मुरगळावा.

मी तोंडाची फटकळ, हे आधीच सांगून टाकते. त्या तोंडापायी छत्तीस वर्षं भोगलंय. माझा दादा नाटकं लिहायचा. जुन्या राजवटीत, नवं नाटक बसायच्या आधीच त्याला घरातून उचलला आणि एकोणीस दिवसांनी परत दिला तो चादरीत गुंडाळून. नाटकाबद्दल बाहेर कुणी सांगितलं? लोकांनी लगेच निकाल लावला: बहिणीची जीभ सैल, तिच्याच तोंडून गेलं असणार. वहिनी अकरा वर्षांपूर्वी गेली, पण जाईपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. माझ्या हातचं जेवायची, ताट बाजूला सारायची आणि उठायची.

यंदा नव्या सरकारनं जुनी गुप्त दप्तरं उघडली. दादाच्या फायलीच्या अनुक्रमणिकेत लिहिलं होतं: पान चौदा, खबऱ्याचे निवेदन, सहीसह. एवढ्या एका कागदासाठी मी सकाळी सहालाच दारात येऊन बसले होते.

"परवा संध्याकाळी मोजली तेव्हा सगळी पानं होती," दप्तरी म्हणाला. "काल दुपारी तिघांनी आळीपाळीनं फाईल पाहिली. संध्याकाळी मोजली तर एक कमी."

"आणि तू कुठं होतास?"

"अधूनमधून चहाला."

"छत्तीस वर्षं कुलपात होती ती फाईल! आणि तुला नेमका कालच चहा आठवला?"

त्याचा चेहरा रडवेला झाला. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल म्हणाला. मी म्हटलं, तीन दिवस गप्प बस, पान मी आणून देते. त्यानं नोंदवही माझ्यापुढे सरकवली. तिघांच्या सह्या होत्या आणि तिघेही माझ्या ओळखीचे होते. दादा गेला तेव्हा त्याला खांदा त्यांनीच दिला होता.

२

त्या नाटकात माणूस एकही नव्हता. सगळी स्वयंपाकघरातली भांडीकुंडी. चूलबाई राज्य करते. तिच्यासाठी सगळे तापतात, रटरटतात. जो जास्त तापतो, आवाज करतो, त्याला चिमटा उचलतो आणि मागच्या दारी नेऊन टाकतो. तो परत येत नाही. चिमट्याला कधी चटका बसत नाही, कारण आग एका टोकाला आणि तो दुसऱ्या टोकाला. विचारलं तर म्हणतो, "जाळते ती. मी फक्त उचलतो."

त्या दिवसांत लोकांना असंच उचलून नेत होते. तेव्हा चिमटा म्हणजे कोण, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं: तेव्हाचा पोलीस आयुक्त. दादाला मी विचारलं होतं. तो हसला आणि म्हणाला, "आयुक्ताला कशाला नाटकात घेऊ? त्याला पगार मिळतो. मला बिनपगारी चिमट्याची भीती वाटते."

दादाची कामाची एक रीत होती. हस्तलिखित तो कुणाला द्यायचा नाही. ते ट्रंकेत, आणि किल्ली वहिनीच्या कमरेला. मी दुपारी बसून प्रत्येक नटाची वेगळी नक्कल उतरवायची. नक्कल म्हणजे त्याची स्वतःची वाक्यं पूर्ण, आणि त्याच्या आधी बोलणाऱ्याचं शेवटचं वाक्य तेवढं, कधी बोलायचं ते कळावं म्हणून. बाकी काही नाही. नटानं दहा दिवस घरी एकट्यानं पाठ करायचं. अकराव्या दिवशी सगळ्यांनी एकत्र यायचं आणि नाटक काय आहे ते तेव्हा कळायचं. दादाला नवव्या दिवशी उचलला. म्हणजे त्या नाटकातलं एक वाक्यही कुणी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

पोलिसांनी हस्तलिखित नेलं, ते आठवड्यापूर्वी आम्हाला परत मिळालं. माझी भाची, दादाची मुलगी, आता स्वतः नाटकं बसवते. बापाचं तोंडही न पाहिलेली पोर. ती हे नाटक करणार होती, त्याच जुन्या तिघांना घेऊन. शिवाय पुस्तक छापायला चाललं होतं आणि अर्पणपत्रिका तिनं लिहूनही ठेवली होती: 'ज्यांनी मला माझ्या वडिलांची ओळख करून दिली, त्या सरांना.'

फायलीतलं पान पंधरा मी उतरवून आणलं होतं. ते भाचीपुढे ठेवलं. आयुक्ताचा हुकूम होता:

'खबऱ्याच्या निवेदनानुसार सदर नाटकातील चिमटा हे पात्र आमच्यावर बेतलेले असून, "राखेला गाव नसतं" हे त्याचे वाक्य शासनाची बदनामी करणारे आहे. सबब लेखकास ताब्यात घ्यावे.'

भाचीनं हस्तलिखित उघडलं. "आत्या, बाबांनी 'गाव' नाही लिहिलेलं. हे बघ. राखेला नाव नसतं."

"टायपिस्टची चूक असेल."

"असेल," ती म्हणाली. पण माझ्या डोक्यात ते अक्षर कुसळासारखं रुतून बसलं.

३

चिमट्याचं काम ज्याला दिलं होतं त्याला सगळे तोफ म्हणतात, असा त्याचा आवाज. दादा गेल्यावर वर्षभरात त्याला सिनेमे मिळायला लागले, तेही सरकारी पैशातून निघणारे. मी त्याच्या दिवाणखान्यात शिरले आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "पान तू कापलंस का?"

"मी?" त्यानं दोन्ही हात पुढे केले. थरथरत होते. "बाई गं, दोन वर्षं झाली, मला दाढी करता येत नाही. पट्टी धरून पान कापू?"

"हात नाटकातही थरथरवता येतात."

तो उठला आणि पाण्याचा पेला उचलून दाखवला. अर्धं पाणी सतरंजीवर गेलं. त्याची बायको आतून ओरडली, "झालं का पुन्हा?" एवढं काही ठरवून करता येत नाही.

"तुझी नक्कल आठवते?"

त्यानं डोळे मिटले आणि सुरू झाला. "कशाला? राखेला नाव नसतं." मग पुढचं, मागचं, सगळं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतकं मोठं काम त्याला पुन्हा मिळालंच नाही, असं म्हणाला. मीही रडले. मग मलाच माझा राग आला आणि मी चप्पल घालून निघाले.

दुसरा, नाटक कंपनीचा मालक. तो पातेल्याचं काम करणार होता. दादाला उचलल्यावर महिन्याभरात त्याच्या बंद थिएटरचा परवाना परत आला होता. माझा खरा संशय त्याच्यावरच. छत्तीस वर्षं रस्त्यात दिसला की मी थुंकायचीच बाकी ठेवायचे.

"परवाना कसा मिळाला?" मी विचारलं.

त्यानं तिकीटखिडकीचे गज घट्ट धरले. "माफीनामा लिहिला. असली नाटकं पुन्हा करणार नाही म्हणून. तो फायलीत आहे, पान बावीस. मला लपवायचंच असतं तर मी बावीस कापलं असतं ना, ताई?"

बरोबर होतं. पान बावीस मी स्वतः वाचलं होतं.

"राखेला काय नसतं?" मी एकदम विचारलं.

"काय?"

"चिमट्याचं वाक्य. राखेला काय नसतं?"

"मला काय माहीत? मी म्हणायचो, 'उचललेल्यांचं नाव-गाव तरी लिहून ठेव.' पुढे चिमटा काय बोलतो ते माझ्या नकलेत नव्हतं. तूच उतरवलेलीस की."

हेही खरं होतं. पातेल्याला ते वाक्य लागतच नाही. मी जिन्यावरून उतरत होते तेव्हा तो वरून म्हणाला, "माझी लाज वाटते तुला, ठाऊक आहे. मलाही वाटते." मी मागे वळून पाहिलं नाही.

४

राहिला तिसरा. तो झाकणाचं काम करणार होता. तेव्हाचा दादाचा जिवाभावाचा मित्र, आताचे आमचे सर. इतिहासाचे मोठे प्राध्यापक. भाचीला अक्षरओळख यांनीच करून दिली, ती त्यांना काका म्हणते. दर वर्षी दादाच्या तिथीला घरी यायचे, त्याच्या फोटोसमोर बसायचे. यांचा एक लेख फार गाजलेला. त्यात चिमटा म्हणजे आयुक्तच, हे पंचवीस पानं सिद्ध केलंय: तोच रुबाब, तीच चाल, हातमोजेसुद्धा. आणि शेवटी एक ओळ: 'नाटकाची वाच्यता घरातूनच कुठेतरी झाली असावी.' वहिनीनं ती ओळ वाचली त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं.

त्यांच्या घरी पुस्तकं छतापर्यंत. "बसा ताई. अशा घोड्यावर बसून का आलात?"

"पान चौदा गेलं."

"ऐकलं. फार वाईट झालं." त्यांनी चष्मा पुसला. "पण ताई, खरा चिमटा आयुक्तच. तो मेला, हाडंसुद्धा उरली नाहीत. आता एखाद्या फडतूस खबऱ्याच्या मागे लागून काय साधणार?"

"मला नावं ठेवणारे अजून जिवंत आहेत, म्हणून."

"'दोष देणारे' म्हणा. नाहीतर अर्थ संदिग्ध होतो."

यांची ही खोड जुनी. समोरचा बुडत असला तरी हे आधी त्याचं व्याकरण सुधारणार.

"तुमची नक्कल कुणाच्या हाती लागली असेल का?"

"अशक्य! उशाखाली ठेवायचो. सख्ख्या आईलाही दाखवली नाही. त्याला नेलं त्याच संध्याकाळी जाळून टाकली."

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली आणि टेबलावरचं माझं बसचं तिकीटसुद्धा उचलून वाचून गेली. सर ओशाळून हसले. "हिच्या तावडीतून एक चिठोरं सुटत नाही."

घरी आले ती हात हलवत. दोन दिवस संपत आले होते. तिसऱ्या दिवशी पहिलं वाचन आणि चौथ्या दिवशी पुस्तक छापखान्यात जाणार. भाचीनं हट्टच धरला होता की नकला बाबांच्या रीतीनंच व्हाव्यात आणि त्या मीच उतरवाव्यात. दुपारी टेबलाशी बसले. चिमट्याची नक्कल झाली. झाकणाची घेतली. आधीचं वाक्य लिहिलं, खाली झाकणाचं: 'मग मी काय झाकू?' पान उलटायच्या आधी सवयीनं एकदा वाचलं.

मी लिहिलं होतं: 'राखेला गाव नसतं.'

मी पेन खाली ठेवलं. समोर हस्तलिखितात ठसठशीत 'नाव' होतं. पण त्याच्या वरच्याच ओळीत पातेलं म्हणत होतं, 'नाव-गाव लिहून ठेव.' नावामागून गाव येतं हे आपल्या हाताला लहानपणापासून ठाऊक. नाव काय, गाव काय. डोळा घसरला आणि हातानं गाव लिहून टाकलं. हात तोच, डोळा तोच, ओळ तीच. आज चुकला तसाच तो त्या दुपारीही चुकला असणार.

मी भाचीला हाक मारली. तिनं कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "नाही आत्या," ती म्हणाली. "काका नाही. उगाच काहीतरी बोलू नकोस."

"मी काहीच बोलणार नाही. उद्या त्यांनाच बोलू दे."

५

सकाळी दहाला मालकाच्या थिएटरात टेबल मांडलं. तिघं नट, भाची, मी, आणि शेवटच्या रांगेत दप्तरी. झाकणाची नक्कल मी दुरुस्त करून दिली होती, 'नाव' असं स्वच्छ लिहून.

वाचन सुरू झालं. मालक म्हणाला, "उचललेल्यांचं नाव-गाव तरी लिहून ठेव."

तोफ कडाडली. "कशाला? राखेला नाव नसतं!"

पुढचं वाक्य झाकणाचं. झाकण काही बोलेना. सर कागदाकडे बघत होते. मग त्यांनी बोट वर केलं.

"एक मिनिट. 'गाव' हवं. राखेला गाव नसतं."

"नाव आहे, सर," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही उतरवताना चुकलात. मूळ वाक्य 'गाव'च आहे. अर्थ बघा ना: उचललेल्या माणसाला परतायला गाव उरत नाही. किती सुंदर!"

"कशावरून म्हणता?"

"माझ्या नकलेत होतं की! तुमचंच अक्षर. अजून डोळ्यांसमोर आहे."

तोफ म्हणाली, "माझ्या नकलेत नाव होतं. मी छत्तीस वर्षं तेच घोकतोय."

"माझ्यात ते वाक्यच नव्हतं," मालक म्हणाला.

मी हस्तलिखित उघडून सरांपुढे सरकवलं. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. "बरं, मग ती चूक फक्त माझ्या नकलेत होती. एवढं काय त्यात?"

"तेच," मी म्हटलं आणि पान पंधरा वाचलं. आयुक्ताचा हुकूम, शब्दन् शब्द. 'राखेला गाव नसतं' इथं आले तेव्हा मालक खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"हस्तलिखित ट्रंकेत होतं," मी म्हणाले. "तोंडानं ते वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. माझ्या तोंडून गेलं असतं तर नाव म्हणून गेलं असतं, कारण मला वाटत होतं की मी नावच लिहिलंय. 'गाव' अख्ख्या जगात एकाच कागदावर होतं. आणि तो कागद सख्ख्या आईलाही दाखवला नाही असं काल कोण म्हणालं, सर?"

सरांनी हस्तलिखित मिटलं.

"पान चौदा कापलंत, पण पंधरा ठेवलंत. त्यात तुम्हाला धोका दिसलाच नाही. तुम्हाला वाटलं ते दादाचं वाक्य आहे. ती माझी चूक होती, मेल्या!"

"मला धमकी दिली होती," ते पुटपुटले. "नोकरी... मी काय केलं? मी फक्त वाक्य सांगितलं. नेलं त्यांनी."

तोफेनं टेबलावर मूठ आपटली. "आयुक्ताचे हातमोजे शोधत बसला पंचवीस पानं! चिमटा तर आरशात होता की रे!"

मी हात पुढे केला. "पान दे."

"ते मी..."

"सरकारी कागद जाळायची तुझी छाती नाही. घरी ठेवलं नसशील. बायको वाचेल. खिशात आहे. दे, नाहीतर दप्तरीबुवा दार लावून अंगझडती घेतील."

कोटाच्या आतल्या खिशातून घडी निघाली. दप्तरी धावत पुढे आला, पण भाचीनं ती आधी घेतली. तिनं उभ्यानं वाचलं. एका ठिकाणी थांबली. पुन्हा वाचलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "आत्या, खुर्ची."

मी तिला बसवलं आणि तिच्या खांद्यावरून वाचलं. सही ओळखीची होती. सहीच्या वर तीन ओळी होत्या. छत्तीस वर्षं मी त्या माणसाला चहा करून दिला.

वाटलं, नरडीचा घोट घ्यावा. अख्खी राजवट मेली आणि हा दर तिथीला फोटोसमोर बसून पेढ्यासारखा गोड बोलत राहिला. माझी वहिनी माझ्याकडे पाठ करून मेली आणि यानं तिला खांदा दिला. मी उठलेच होते.

"आत्या, तू बस," भाची म्हणाली. आवाज तिच्या बापाचा. तिनं पान टेबलावर ठेवलं आणि सरांकडे सरकवलं. "काका, शेवटच्या तीन ओळी वाचा."

"बाळ, मी तुला लहानपणापासून..."

"वाचा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'लेखकास माझा संशय येणार नाही. तो मला सख्ख्या भावासारखा मानतो. त्याच्या पत्नीस चौथा महिना असल्याने...'" ते थांबले. भाची त्यांच्याकडे बघत राहिली. "'...चौथा महिना असल्याने तो शहर सोडून पळणार नाही. सबब सवडीने उचलता येईल.'"

तो चौथा महिना म्हणजे ही, समोर बसलेली. ती पोटात होती म्हणून दादा पळाला नाही, आणि तो पळणार नाही हे यानं लिहून कळवलं होतं.

"ऐकू नाही आलं," भाची म्हणाली. "मागच्या रांगेपर्यंत आलं पाहिजे. पुन्हा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"शब्द खाऊ नका. 'सख्ख्या' नीट म्हणा. पुन्हा."

तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी हात जोडले. मालकानं तोंड फिरवलं. तोफ रडत होती, पण कुणीही पुरे म्हणालं नाही. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

"उद्या हेच पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायचंय, तुमच्या सहीसकट," भाची म्हणाली. "अर्पणपत्रिकेच्या जागी. त्याआधी मला ते तुमच्या तोंडून पाठ करायचंय. पुन्हा."

सरांनी कागद उचलला. मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले.